एका वाक्याचे वाचक

आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात सेवेला होतो तेथील एक तरुण गेली काही वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. लहानपणी तो वेदीसेवक होता आणि वाचनाची गोडी त्याला तेव्हापासूनची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याचे एक लांबलचक पत्र आले. त्यात तो लिहितो : ‘फादर, तुम्ही आमच्याकडून लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण पाठ करून घेतले होते. इथे ते कुणाच्या तोंडी नाही. चार जुलैला आकाशात दारूकाम, अंगणात निखाऱ्यांवर मांस आणि दुकानांतून उतरलेल्या किमती, एवढाच यांचा स्वातंत्र्यदिन. इथल्या प्रत्येक नाण्यावर “स्वातंत्र्य” हा शब्द असतो. “समता” नाण्यावरसुद्धा नाही. ज्या तत्त्वांवर हा देश उभा राहिला त्यांचे इथल्या माणसांना अजून काही वाटते का, अशी मला शंका येऊ लागली आहे.’

पत्र आम्ही दोनतीनदा वाचले. शंका वावगी म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे होतात, आणि अशा वर्षी भाषणांना तोटा नसतो. परंतु भाषणांच्या संख्येवरून श्रद्धेचे माप काढू नये, हे आम्हां धर्मगुरूंना कुणी सांगावयास नको. तेव्हा या प्रश्नाकडे आम्ही निराळ्या वाटेने जाऊ इच्छितो. एखादा मजकूर जिवंत आहे की नाही हे त्याच्या उत्सवावरून कळत नाही. तो कोण वाचतो आणि कोणत्या गरजेपोटी वाचतो, यावरून ते कळते. सर्व माणसे समान निर्माण झालेली आहेत, आणि जीवन, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे हिरावून न घेता येणारे हक्क त्यांना निर्मात्यानेच दिलेले आहेत, अशा आशयाचे एक वाक्य त्या जाहीरनाम्यात आहे. त्या एका वाक्याचे वाचक कोण कोण झाले, ते पाहू.

हे वाक्य एका मोठ्या आरोपपत्राच्या तोंडाशी आलेले आहे. जून १७७६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात भाड्याने घेतलेल्या खोल्यांत बसून तेहतीस वर्षांच्या टॉमस जेफर्सनने मसुदा लिहिला. त्याचा बराचसा भाग म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या तक्रारींची यादी होय. ती यादी आज सहसा कुणी वाचत नाही, आणि मूळनिवासी जमातींविषयी तिच्यात जे लिहिले आहे ते वाचताना मान खाली जाते. त्या काळच्या लोकांना महत्त्वाचा वाटला तो शेवटचा परिच्छेद, ज्यात वसाहती स्वतंत्र झाल्याचे घोषित केले आहे. समतेचे वाक्य प्रस्तावनेत पडले. आणि प्रस्तावना किती जण वाचतात हे पुस्तके लिहिणाऱ्यांना विचारावे.

मसुद्यावर जे संस्कार झाले ते मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिल्या खर्ड्यात जेफर्सनने या सत्यांना पवित्र आणि निर्विवाद म्हटले होते. पक्क्या मजकुरात ती ‘स्वयंसिद्ध’ झाली. गुरुविद्यालयात तर्कशास्त्र शिकताना स्वयंसिद्ध या शब्दाची आम्हांला मोठी गंमत वाटे. जे स्वयंसिद्ध आहे ते सिद्ध करण्याचे कष्ट कुणालाच घ्यावे लागत नाहीत. पवित्र गोष्टीपुढे निदान गुडघे तरी टेकावे लागतात.

दुसरी खोडाखोड अधिक बोलकी आहे. मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर एक तीव्र परिच्छेद होता. या राजाने दूर देशीच्या निरपराध लोकांना पकडून नेऊन मानवी स्वभावाविरुद्धच युद्ध पुकारले, असा त्यात आरोप होता. प्रतिनिधींच्या सभेने तो परिच्छेद संपूर्ण गाळला. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी तो गेला आणि उत्तरेतल्या काही जणांनाही तो बोचत होता, असे जेफर्सनने पुढे आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. परिच्छेद निष्कपट होता असे आम्ही म्हणत नाही. याच राजाने गुलामांना आमच्यावर उठविले, ही तक्रारही त्यातच आहे. पण त्यात एक शब्द आहे. ज्या बाजारात माणसे विकली व विकत घेतली जातात तो बाजार, असे लिहिताना जेफर्सनने ‘माणसे’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला. समतेच्या वाक्यात जो शब्द येतो तोच हा शब्द. म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या भाषेत आफ्रिकेतून आणलेला गुलाम ‘माणूस’ या शब्दात बसत होता. हे लिहिले जात असताना त्याच घरात जेफर्सनची चाकरी करण्यासाठी रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि तो जेफर्सनचा गुलाम होता. उभ्या आयुष्यात जेफर्सनच्या मालकीत सहाशेहून अधिक माणसे होती.

येथे समीक्षेचा एक जुना पेच उभा राहतो. लेखकाचे जगणे आणि त्याचे लिहिणे यांत अंतर पडले, तर कशाने कशाला मापावे?

या पेचाचे एक उत्तर १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकालपत्रात समतेच्या वाक्याचा विचार केला. या शब्दांत अवघी मानवजात सामावलेली दिसते, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु तसा अर्थ घेतला तर ज्या थोर पुरुषांनी ते लिहिले त्यांचे वर्तन आपल्याच शब्दांशी उघड उघड विसंगत ठरेल. इतके थोर पुरुष असे करणे शक्य नाही. म्हणून या शब्दांत कृष्णवर्णीय माणूस अभिप्रेत नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद. लेखकाची अब्रू राखण्यासाठी वाक्याचे पंख कापण्याचा हा प्रकार होय. वाङ्मयाच्या दृष्टीनेही हे वाचन लंगडे आहे, कारण खोडलेल्या परिच्छेदातील तो मोठ्या अक्षरांतला शब्द त्यांच्या विरोधात साक्ष देतो. टॉनी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक सरन्यायाधीश. आपल्या वाट्याला आलेले बहुतेक गुलाम त्यांनी तरुणपणीच मुक्त केले होते. व्यक्तिशः दयाळू असलेला, प्रार्थनेला नियमाने जाणारा माणूस एका वाक्याच्या वाचनात इतका चुकला, ही गोष्ट आम्हांला वारंवार अस्वस्थ करते.

त्यापूर्वीच दुसरे वाचक पुढे आले होते. १८४८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे स्त्रियांची परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी जाहीरनाम्याचाच साचा घेऊन नवा मजकूर तयार केला. राजाच्या जागी त्यांनी पुरुषजात ठेवली, तक्रारींची यादी तशीच पुढे चालविली, आणि समतेच्या वाक्यात पुरुषांबरोबर स्त्रियांचा उल्लेख केला. शंभर जणांनी सह्या केल्या, त्यांत बत्तीस पुरुष होते. वाङ्मयात विडंबन हसविण्यासाठी असते. हे विडंबन रडविणारे होते. मताचा हक्क देशभरातील स्त्रियांना संविधानाने मिळायला १९२० साल उजाडले, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यानंतरही दीर्घकाळ तो प्रत्यक्षात वापरता आला नाही.

त्या बत्तीस पुरुषांत फ्रेडरिक डग्लस होते. मेरीलँड राज्यातील गुलामीतून ते १८३८ साली निसटले. चोरून लिहा-वाचायला शिकलेला हा माणूस पुढे त्या देशाचा अव्वल वक्ता झाला. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे त्यांनी स्वातंत्र्यदिनावर जे भाषण केले ते आमच्या मते या वाक्याच्या वाचनाचा परमोच्च नमुना आहे. भाषणातील सर्वनामे पाहावीत. पूर्वज ‘तुमचे’, राष्ट्र ‘तुमचे’, सण ‘तुमचा’, असे ते सारखे म्हणत राहतात. संस्थापकांची स्तुती ते मनापासून करतात, आणि श्रोता सुखावला की विचारतात, की गुलामाला तुमच्या या सणाचे काय? हा प्रश्न विचारून झाल्यावर ते जाहीरनामा फेकून देतील असे वाटावे, पण ते तसे करीत नाहीत. तो तुमच्या राष्ट्राच्या दैवाची साखळी जखडून ठेवणारा खिळा आहे, त्याला धरून राहा, असेच ते सांगतात. टॉनी यांनी लेखकांच्या वर्तनावरून वाक्य मापले. डग्लस यांनी वाक्यावरून लेखकांचे आणि त्यांच्या नातवंडांचे वर्तन मापले. अमेरिकेचा पुढचा सारा इतिहास या दोन वाचनांतला झगडा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरे वाचकही होते, आणि त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. जॉन कॅल्हून यांनी १८४८ साली सिनेटमध्ये हे वाक्य सरळसरळ खोटे ठरविले. १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथे जाहीर केले, की संस्थापकांची समतेची कल्पनाच चुकीची होती आणि आमच्या नव्या राज्याचा कोनशिला-दगड विषमता हा आहे. वाक्य शत्रूंनाही इतके जाणवत होते की ते नाकारल्यावाचून त्यांना पाऊल टाकता आले नाही.

आता लिंकन. आमच्या त्या तरुणाकडून आम्ही जे भाषण पाठ करून घेतले ते आम्हांलाही तेव्हा पुरते कळले नव्हते. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवरील दफनभूमीत लिंकन काही मिनिटेच बोलले. सत्त्याऐंशी वर्षे मागे जाऊन त्यांनी राष्ट्राचा जन्म १७८७ च्या संविधानात न धरता १७७६ च्या जाहीरनाम्यात धरला, हे तर आहेच. संविधानात गुलामाला लोकसंख्येच्या हिशेबात तीनपंचमांश धरले होते आणि गुलाम हा शब्द मात्र शिताफीने टाळला होता, हे येथे लक्षात घ्यावे. परंतु खरी किमया एका शब्दात आहे. जेफर्सनसाठी समता स्वयंसिद्ध होती. लिंकनने तिला भूमितीतल्या प्रमेयासाठी वापरतात तो शब्द वापरला. वकिली करीत असताना लिंकनने युक्लिडची भूमिती स्वतःच्या हिमतीने अभ्यासली होती. हा शब्द त्याच्या तोंडी सहज आला असणे शक्य आहे, पण तो अनवधानाने आला असे आम्हांला वाटत नाही. प्रमेयाला सिद्धता लागते. शाळेत आपण प्रमेय लिहितो आणि त्याखाली ‘सिद्धता’ असा मथळा देऊन रेघ ओढतो. त्या रेघेखाली गेटिसबर्गला हजारो तरुणांची प्रेते होती.

लिंकनला देव्हाऱ्यात बसवू नये. १८५८ च्या वादसभांत त्याने गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपला पाठिंबा नसल्याचे बोलून दाखविले होते. तोही या वाक्याच्या मागून, धापा टाकीत चालत होता. मात्र १८५७ साली टॉनी यांना उत्तर देताना त्याने केलेले एक निरीक्षण कोणत्याही समीक्षकाने हेवा करावा असे आहे. इंग्लंडपासून वेगळे होण्यासाठी समतेच्या वाक्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ते तेथे घातले गेले ते पुढच्या काळातल्या उपयोगासाठी, असे तो म्हणाला. पवित्र शास्त्राच्या अभ्यासात आम्हांला शिकविले गेले, की वचनाचा पूर्ण अर्थ कधी कधी लिहिणाऱ्या मानवी हातालाही ठाऊक नसतो. मानवी दस्तऐवजाला आम्ही शास्त्राच्या पंक्तीला बसवीत नाही. पण ही जाण येथेही कामी येते.

युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ साली गुलामगिरी गेली, १८६८ साली त्या भूमीवर जन्मलेल्यांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळाले, १८७० साली वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी आली. त्याची वार्ता पुण्यापर्यंत पोहोचली होती. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल आदराने अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी हाच कित्ता गिरवावा अशी आशा प्रकट केली. टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक फुल्यांनी तरुणपणीच वाचले होते. महाराष्ट्रात त्या वाक्याला लाभलेला हा बहुधा सर्वांत मोठा वाचक. दुर्दैव असे, की फुले कौतुक करीत होते तेव्हाच अमेरिकेतील तो उत्साह ओसरू लागला होता. १८७७ साली दक्षिणेतील लष्करी संरक्षण निघाले, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान या नावाखाली वर्णभेदाला मान्यता दिली. अर्पणपत्रिकेतील अमेरिका प्रत्यक्षातल्या अमेरिकेहून उजळ होती. पुढे १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांना दोन्हींची चांगलीच ओळख झाली असणार.

आपण कॅथलिक या झगड्यात कुठे होतो, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या छप्पन्न जणांत चार्ल्स कॅरल हे एकटे कॅथलिक. त्यांच्या मेरीलँडमध्ये कॅथलिकांना मत नव्हते, अधिकारपद नव्हते. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य हा शब्द पोटातून आलेला होता, आणि तेच कॅरल शेकडो गुलामांचे धनी होते. जेथे जाहीरनामा लिहिला गेला त्याच फिलाडेल्फियात १८४४ साली, शाळेत कोणते बायबल वाचावे या वादातून उसळलेल्या दंगलीत, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही आपली दोन चर्च जाळली गेली. तेव्हा अन्याय आपण सोसलेला आहे. आणि केलेलाही आहे. १८३८ साली, म्हणजे डग्लस ज्या वर्षी मेरीलँडमधून निसटले त्याच वर्षी, त्याच राज्यातील येशूसंघाच्या धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. त्यांत तान्ही मुले होती. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. त्या माणसांना स्नानसंस्कार आपणच दिलेला होता. २०१७ साली येशूसंघाने आणि विद्यापीठाने त्यांच्या वंशजांपुढे उघड क्षमा मागितली, आणि एका इमारतीला त्या विक्रीपत्रात पहिल्याने येणाऱ्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. क्षमेची भाषा एकशे एकोणऐंशी वर्षे उशिरा सुचली.

याच मातीतून ख्रिस्तसभेला काही मिळालेही. जॉन कोर्टनी मरी या येशूसंघीय पंडिताने धर्मस्वातंत्र्याचा जो विचार मांडला त्यावरून १९५० च्या दशकात त्यांना त्या विषयावर लिहिण्यास मनाई झाली होती. १९६० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाचे शीर्षक जाहीरनाम्यातील समतेच्या वाक्याच्या आरंभीच्या शब्दांवरून घेतलेले आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला, त्याच्या घडणीत मरी यांचा हात होता. ज्यांना गप्प केले होते त्यांचेच म्हणणे परिषदेने ऐकले.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणात त्यांनी जाहीरनाम्याला वचनचिठ्ठी म्हटले, आणि कृष्णवर्णीयांना दिलेला धनादेश वटला नाही अशी तक्रार केली. स्वप्नाचा भाग सर्वांना आठवतो, धनादेशाचा कुणाला आठवत नाही; देणेकऱ्यांची स्मरणशक्ती सर्वत्र सारखीच असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिले, ते आठ गोऱ्या धर्मनेत्यांना उद्देशून होते. आंदोलन वेळेआधीचे आणि अविचारी आहे, थांबा, असे या आठ जणांनी प्रसिद्ध केले होते. त्यांत साहाय्यक बिशप जोसेफ ड्युरिक हे आपल्यापैकी एक होते. ड्युरिक पुढे बदलले. नॅशव्हिल येथे बिशप असताना ते वर्णसमतेच्या बाजूने इतके ठाम उभे राहिले की त्यांच्याच श्रद्धावंतांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एखादे पत्र वाचून माणूस बदलतो, यावर विश्वास ठेवायला आम्हांला हे उदाहरण पुरते.

मग आज काय? तरुणाच्या शंकेत तथ्य आहे, असेच आमचे मत आहे. पण दुखणे त्याने सांगितले त्या जागी नाही. समतेचे ते वाक्य पुन्हा काळजीपूर्वक वाचावे. त्यात समता आधी येते. माणसे समान निर्माण झालेली आहेत, आणि म्हणून प्रत्येकाला स्वातंत्र्याचा हक्क आहे, असा तो क्रम आहे. आजच्या अमेरिकेत हा क्रम मोडलेला दिसतो. मला माझ्यापुरते सोडा, हे स्वातंत्र्य झाले. आणि समता हा शब्द उच्चारला की कुणीतरी आपल्या खिशात हात घालणार, अशी भीती पुष्कळांना वाटते. देशातील एकूण संपत्तीपैकी सुमारे ३० टक्के वरच्या एक टक्का कुटुंबांकडे आहे आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे ३ टक्केही नाही. १८३१ साली अमेरिका फिरून गेलेल्या तोकव्हिल या फ्रेंच विचारवंताला वाटले होते, की लोकशाहीतील माणसे स्वातंत्र्यापेक्षा समतेवर अधिक प्रेम करतात. आज तो परत आला तर त्याला आपले प्रकरण पुन्हा लिहावे लागेल.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक सलते. कॅल्हून आणि स्टीफन्स यांनी वाक्य उघड नाकारले होते. आता ते कुणी नाकारीत नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा कौल उलटविण्यासाठी जे वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसले, त्यांच्याही तोंडी १७७६ हाच आकडा होता. शासितांच्या संमतीशिवाय सत्ता न्याय्य नाही, हे त्याच जाहीरनाम्यातील पुढचे वाक्य त्यांनी वाचले असते तर? मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवल्यानंतर जे रस्त्यावर उतरले, त्यांनीही तोच कागद पुढे केला, आणि त्यांच्यातील काहींनी जेफर्सनचे पुतळे पाडले. पुतळा पाडणाऱ्यांचा संताप आम्हांला समजतो. परंतु लेखकावर राग धरून वाक्य सोडून देणे म्हणजे उलट्या बाजूने टॉनी यांच्याच घरी जाणे आहे. डग्लस पुतळ्याकडे पाहत बसले नाहीत, त्यांनी वाक्य हाती घेतले.

मूळ चर्मपत्र वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात जपून ठेवलेले आहे. त्यावरील शाई इतकी उडाली आहे की बराचसा मजकूर डोळ्यांनी लागत नाही. पुस्तकांतून जे चित्र आपण पाहतो ते १८२३ साली केलेल्या ताम्रपटाच्या ठशावरून आलेले असते. याचा कुणी फार मोठा अर्थ लावू नये. उन्हात ठेवलेली शाई उडतेच.

आता त्या तरुणाच्या पत्राचा उरलेला भाग. भारतीय माणसाला अमेरिकेचे नागरिक होण्याचा हक्क नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरविले होते. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केली होती. १९४६ साली हे दार किलकिले झाले आणि १९६५ च्या कायद्याने उघडले. ज्या काँग्रेसने कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कायदा केला, तिनेच त्याच वर्षी हाही केला. आपल्या वसईच्या, गोव्याच्या मुलांचे तेथील बस्तान किंग यांच्या चळवळीने तापविलेल्या त्या हवेत बसले आहे. हे त्या तरुणाला आम्ही पूर्वी कधी सांगितले नव्हते, ही चूक आमची.

जुलै २०२५ मध्ये त्याला मुलगी झाली. तो आणि त्याची पत्नी दोघेही नोकरीच्या मुदतीच्या परवान्यावर तेथे आहेत. अशा आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना यापुढे जन्माने नागरिक मानू नये, असा आदेश २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी काढला होता. न्यायालयांनी तो रोखला. मग २७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे देशव्यापी मनाईहुकूम देण्याचे खालच्या न्यायालयांचे अधिकार आवळले. १० जुलै रोजी न्यू हॅम्पशायरमधील न्यायालयाने सर्व मुलांच्या वतीने तो आदेश पुन्हा अडविला. त्या दोन आठवड्यांत या नवराबायकोला झोप नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी बाल्टिमोर येथील सभेतून स्थलांतरितांच्या बाजूने जे निवेदन काढले, ते मानवी प्रतिष्ठेच्याच पायावर उभे होते; पण ते नंतर. जुलैमध्ये या दोघांना आधार होता तो १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचा, जी मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी लिहिली गेली.

‘फादर,’ तो लिहितो, ‘इतकी वर्षे इथे राहून मी ती दुरुस्ती कधी वाचली नव्हती. इस्पितळाच्या बाकावर बसून पहिल्यांदा मुळातून वाचली. शेजारी एक कृष्णवर्णीय वृद्ध बाई बसली होती, तिला नात झाली होती. मी काय वाचतो आहे ते तिने विचारले आणि पहिले कलम तिने मला तोंडपाठ म्हणून दाखविले.’

पत्राच्या शेवटी, वसईला असलेल्या आईला कळावे म्हणून, त्याने ते कलम मराठीत उतरविले आहे आणि आम्ही ते तपासून तिला वाचून दाखवावे अशी विनंती केली आहे. भाषांतर बरे आहे. ‘अधिकारक्षेत्र’ या शब्दापुढे त्याने प्रश्नचिन्ह घातले आहे. सारा वाद त्या एका शब्दाच्या अर्थावर आहे, हे त्याने बरोबर हेरले. आम्ही ते प्रश्नचिन्ह तसेच ठेवले, आणि रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर त्याच्या आईला कलम वाचून दाखविले. तिने ते दोनदा वाचायला लावले.